दोन खांबांच्या मध्ये

व्हेनिसच्या सान मार्को चौकातून पाण्याच्या बाजूला गेलं की ग्रॅनाइटचे दोन उंच खांब लागतात. एकावर पंखवाला सिंह, दुसऱ्यावर मगरीसारख्या प्राण्याला पायाखाली घेतलेला संत थिओडोर. पूर्वेकडून जहाजातून आणलेले हे खांब बरीच वर्षं काठावर आडवेच पडून होते म्हणे. ते उभे करणं कुणाला जमेना. बाराव्या शतकात निकोलो बारात्तिएरी नावाच्या कारागिरानं ते उभे केले आणि बक्षीस म्हणून खांबांच्या मधल्या जागेत जुगाराची टेबलं मांडायचा हक्क मागितला. राज्यकर्त्यांनी शब्द पाळला. पण पुढे त्याच जागी गुन्हेगारांना देहदंड देण्याची प्रथा सुरू झाली. खेळणाऱ्यांच्या समोर मुंडकी उडू लागली, की फासे टाकायला हात धजणार कसा? यात आख्यायिका किती आणि इतिहास किती, हे पंडितांनी ठरवावं. जुने व्हेनिसकर मात्र त्या दोन खांबांच्या मधून जाणं आजही टाळतात.

लास व्हेगसमध्ये ‘द व्हेनिशियन’ या रिसॉर्टच्या दर्शनी भागात हेच दोन खांब आहेत, सिंहासकट आणि संतासकट. बारात्तिएरीला खांबांच्या मधली चिंचोळी जागा मिळाली होती. इथे खांबांच्या पाठीमागचं सगळं साम्राज्यच त्याच्या धंद्याला दिलेलं आहे, आणि देहदंडाची अट काढून टाकलेली आहे. ही वास्तू नीट वाचायची तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं.

‘नुसती नक्कल’ म्हणून ती निकालात काढणं सोपं आहे. पण रूपांतर म्हणून तिच्याकडे पाहिलं तर ती बोलायला लागते. रूपांतरकार काय ठेवतो आणि काय गाळतो यात त्याचं मन दिसतं. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तेव्हा माणसांचे मत्सर, संशय, प्रेम सगळं मराठीत आलं, आणि व्हेनिस बाहेरच राहिलं. व्हेगसच्या रूपांतरकारानं नेमकं उलट केलं आहे. व्हेनिस घेतलं आणि व्हेनिसची माणसं गाळली.

गाळलेल्या गोष्टींत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चर्च. दोजचा, म्हणजे व्हेनिसच्या शासकाचा, राजवाडा आहे, घंटामनोरा आहे, घड्याळाचा मनोरा आहे, रियाल्टो पूल आहे. ज्या बॅसिलिकेमुळे सान मार्को चौकाला नाव मिळालं ती बॅसिलिका तेवढी नाही. व्हेनिसमध्ये मनोरा बॅसिलिकेजवळ आणि रियाल्टो गल्ल्याबोळांतून बरंच पलीकडे. इथे देवाचं घर वगळल्यामुळे मनोरा आणि बाजाराचा पूल शेजारी येऊन बसले आहेत. पुलावर सरकता पट्टा आहे. चढायचे कष्ट नकोत, माणूस आपोआप आत यावा. ही काटछाट मला अप्रामाणिक वाटत नाही. उलट, एका व्यापाऱ्यानं दुसऱ्या व्यापाऱ्याचं शहर कसं वाचलं त्याचा हा स्वच्छ पुरावा आहे.

तो व्यापारी म्हणजे शेल्डन एडल्सन. कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनातून पैसा उभा करून त्यानं सॅन्ड्स हॉटेल विकत घेतलं. फ्रँक सिनात्राच्या टोळक्यानं गाजवलेलं हे हॉटेल १९९६ साली सुरुंग लावून पाडलं, आणि त्या जागी ३ मे १९९९ रोजी व्हेनिशियन उघडलं. पहिल्या गोंडोल्याच्या समारंभाला सोफिया लॉरेन हजर होती. कल्पना मात्र मधुचंद्राची: १९९१ साली एडल्सन पतिपत्नी व्हेनिसला गेली होती. प्रेमाची आठवण म्हणून बांधलेली वास्तू म्हटल्यावर आपल्याला आग्र्याची आठवण येणारच. पण शहाजहानला मधल्या वारी रिकाम्या खोल्या भरायची चिंता नव्हती. एडल्सनला होती. म्हणून त्यानं सगळ्या खोल्या प्रशस्त सुईट केल्या, त्यांत फॅक्स यंत्रं बसवली, आणि शेजारच्या प्रदर्शन-केंद्रात येणाऱ्या व्यापाऱ्यांना सोमवार ते गुरुवार इथे उतरवलं. जुन्या व्हेनिसनं मिरी आणि रेशमाच्या व्यापाऱ्यांसाठी हेच केलं असतं.

आता आत जाऊ. आतला कालवा वरच्या मजल्यावर आहे आणि कॅसिनो त्याच्या खाली. लॅगूनमधल्या चिखलात लाकडी खुंट ठोकून त्यांवर दगडी वाडे उभारणाऱ्या शहराला हे उलटं वाटलं असतं: इथे पाणी डोक्यावर, आणि पायाला जुगार. ज्या शहरात वर्षाकाठी जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे पहिल्या मजल्यावर कालवा वाहतो आहे. दोन्ही काठांवर गुलाबी-पिवळ्या भिंती, कमानदार खिडक्या, लोखंडी सज्जे. खिडक्यांच्या मागे कुणी राहत नाही, खाली दुकानं.

आणि वर आकाश. माझ्या मते या वास्तूतली सर्वांत कसदार गोष्ट तीच. फिकट निळ्यावर तरंगते पांढरे ढग, भिंतीच्या माथ्यावरून वर सरकणारा मऊ उजेड. बाहेर जुलैची दुपार भाजून काढत असो की रात्रीचे तीन वाजलेले असोत, इथला दिवस कलतो पण मावळत नाही. छताला आकाश रंगवायची क्लृप्ती व्हेगसमध्ये सीझर्स पॅलेसच्या बाजारात १९९२ सालीच आली होती. व्हेनिशियननं तिला पाणी जोडलं, आणि पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबानं खोट्या आकाशाला साक्षीदार मिळाला. मला इथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी रंगवलेल्या पडद्यांची आठवण होते. राजवाडा कापडाचा आहे हे पिटातल्या माणसालाही ठाऊक होतं. पडदा वर जाताना सुरकुती दिसायची, तरी टाळी पडायची, कारण टाळी राजवाड्याला नसून हाताला होती. व्हेनिशियनच्या छतातही अग्निशमनाचे फवारे आणि धूरसूचक ढगांच्या मधून डोकावतात. माझ्या मावशीनं मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “रंगवलंय झकास, पण एक पाखरू हवं होतं.” एवढी नेमकी समीक्षा मला जमली नसती.

पडदा आणि हे छत यांत एक फरक मात्र उरतो. नाटकाचा पडदा अंक संपला की बदलतो. इथे अंक संपूच नये अशी योजना आहे. वेळ कळली की माणूस उठतो, आणि उठलेला माणूस धंद्याचा नाही.

गोंडोल्याबद्दल थोडक्यात. व्हेनिसचा खरा गोंडोला अंगानं वाकडा असतो. वल्हं एकाच बाजूला असल्यामुळे तो सरळ जावा म्हणून डावी कूस उजवीपेक्षा रुंद ठेवतात. व्हेगसचा विजेच्या मोटारीवर चालतो, वल्हं शोभेला. पण नावाडी गातो, आणि मन लावून गातो. व्हेनिसमध्ये गाणारा बहुधा वेगळे पैसे मोजून बोलवावा लागतो. शिवाय दोन्हीकडे प्रवासी ज्याची फर्माईश करतात ते ‘ओ सोले मिओ’ हे गाणं नेपल्सचं! तेव्हा अस्सलपणाचा वाद इथे फार ताणू नये.

खुद्द व्हेनिसलाही तो वाद परवडणारा नाही. बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरचे चार घोडे १२०४ साली कॉन्स्टॅन्टिनोपल लुटून आणलेले; नेपोलियननं ते पॅरिसला नेले, पुढे परत आले, आणि आज बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ घोडे आत जपून ठेवले आहेत. घंटामनोरा १९०२ साली ढासळला आणि १९१२ साली जसा होता तसा, जिथे होता तिथे नव्यानं बांधला गेला. जुगाराच्या बाबतीत तर व्हेगसनं काहीच नवीन केलं नाही. १६३८ साली व्हेनिसच्या सरकारनं रिदोत्तो हे अधिकृत जुगारघर उघडलं, तिथे खेळणारे मुखवटे घालून येत आणि पत्ते वाटायला उमराव बसत. ते १७७४ साली बंद झालं. मुखवटे व्हेगसलाही विकायला आहेत; उमराव तेवढे नाहीत.

मग उणीव कुठे आहे? मला ती गल्ल्यांमध्ये दिसते. व्हेनिसमध्ये माणूस हरवतो. बोळ अचानक पाण्याशी संपतो, वर दोरीवर कपडे वाळत असतात, ओहोटीला भिंतीवरचं शेवाळ उघडं पडतं, वास येतो. व्हेनिशियनमध्येही माणूस हरवतो, पण प्रत्येक वळण त्याला टेबलाकडे किंवा काउंटरकडेच परत आणतं. कुठेही न नेणारी एकही वाट या रूपांतरात नाही. झिजणं नाही, म्हणून काळही नाही. आणि खाऱ्या पाण्यानं रोज थोडं थोडं खाल्लं जाणं हीच व्हेनिसच्या सौंदर्यातली अर्धी गोष्ट आहे.

२००७ साली या रूपांतराचं पुन्हा रूपांतर झालं. मकाऊत, भराव घालून केलेल्या कोताईच्या जमिनीवर, याच एडल्सननं याहून अवाढव्य व्हेनिशियन उघडलं. त्यात तीन कालवे आहेत. पोर्तुगिजांनी खरोखर बांधलेले चौक आणि चर्च हाकेच्या अंतरावर असताना तिथे इटली मागवावी लागली. मांडवीत नांगरलेली कॅसिनो-जहाजं पाहिलेल्या गोव्याच्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. २०२१ साली एडल्सन वारला, आणि २०२२ साली त्याच्या कंपनीनं व्हेगसचं व्हेनिशियन विकून टाकलं.

दरम्यान, मूळ शहर प्रतिकृतीच्या दिशेनं चाललं आहे. २०२४ सालच्या वसंतापासून व्हेनिसनं गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. व्हेगसच्या व्हेनिसमध्ये आजही फुकट शिरता येतं. ऐतिहासिक बेटांवर १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आता ते पन्नास हजारांच्या खाली गेले आहेत. रियाल्टोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून रहिवाशांचा आकडा दाखवणारा फलक लावलेला आहे. व्हेगसच्या रियाल्टोपलीकडेही आकड्यांचे फलक भरपूर आहेत, पण ते जॅकपॉटचे. ते वाढत जातात, आणि लोक त्यांच्याखाली खुर्ची ओढून बसतात.