धर्मांतरानंतरचा काळ : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील निष्ठा आणि विरोध

१

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतराचा साहित्याच्या अंगाने गेल्या काही दशकांत बराच विचार झाला आहे. गौरी विश्वनाथन यांच्या ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथानंतर धर्मांतर ही केवळ आध्यात्मिक घटना न मानता समाज, कायदा आणि राष्ट्र यांच्याशी घेतलेली असहमती म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. ही दृष्टी फलदायी ठरली, यात शंका नाही. तथापि, तिचा भर मुख्यतः धर्मांतराच्या क्षणावर राहिला. बाप्तिस्मा ही एका दिवसाची घटना आहे. निष्ठा हा मात्र वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. घटनेला आरंभ, उत्कर्ष आणि शेवट असतो, त्यामुळे तिचे कथन करणे तुलनेने सोपे असते. निष्ठेला असा आकार नसतो. ती रोज नव्याने पाळावी लागते आणि विरोधही रोज नव्या रूपाने समोर येतो. हा कालावधी गद्याने कसा पकडावा, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती आत्मकथनकारांपुढे होता. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाच्या आधारे, तसेच कृपाबाई सत्तियनाधन यांच्या इंग्रजी कादंबरीशी तुलना करून, या प्रश्नाची मांडणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

छळ सोसून श्रद्धेवर अढळ राहणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीचे जे चित्र युरोपीय परंपरेने घडविले, त्याच्या मुळाशी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील स्तेफनाच्या दगडमाराची कथा आणि रोमन साम्राज्यातील हुतात्म्यांची चरित्रे आहेत. तेथे विरोधक परका असतो. तो न्यायाधीश असतो, शिपाई असतो किंवा जमाव असतो. निष्ठेचा कस मृत्यूच्या एका क्षणी लागतो आणि त्या क्षणी कथा पूर्ण होते. मुंबई इलाख्यातील धर्मांतरिताच्या वाट्याला सामान्यतः असा विरोध आला नाही. राज्यकर्ते त्याच्या जिवावर उठलेले नव्हते. उलट १८५० च्या एकविसाव्या कायद्याने त्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. त्याला विरोध केला तो आईने, वडिलांनी, पत्नीने, भावाने, शेजाऱ्याने. हा विरोधक प्रिय असतो. त्याचा पराभव व्हावा अशी इच्छा धरता येत नाही आणि त्याला खलनायक म्हणून रंगविले तर कथनच खोटे पडते. हुतात्म्याच्या चरित्राचा साचा मराठी लेखकांना अपुरा पडला, याचे कारण येथे आहे.

२

मराठीत अशा विरोधाचे कथन मात्र नवे नव्हते. संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत श्रद्धेला घरातूनच होणारा विरोध प्रथमपुरुषी निवेदनातून आला आहे. ब्राह्मण घरातील स्त्रीने तुकारामांना गुरू मानावे, हे त्यांच्या पतीला सहन झाले नाही. त्यांनी मारहाण केली, घर सोडून जाण्याची तयारी केली. बहिणाबाईंपुढचा पेच पती की भक्ती, असा सरळ नव्हता. पतिनिष्ठा हाही त्यांच्या लेखी धर्मच होता. एका निष्ठेने दुसरीला विरोध करावा आणि दोन्ही सोडता येऊ नयेत, या अवस्थेचे ते निवेदन आहे. भक्तिपरंपरेतील हा घरगुती पेच मराठी वाचकाच्या परिचयाचा होता. ख्रिस्ती आत्मकथने वाचताना मिशनरी साक्षकथनांच्या इंग्रजी परंपरेचा विचार नेहमी केला जातो. या देशी पूर्वसूत्राचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. येथे थेट प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. एकाच समाजरचनेत एकाच प्रकारचा पेच उत्पन्न होतो आणि त्याच्या कथनाची काही वळणे भाषेत आधीच तयार असतात, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगाव येथे झाला. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मवृत्त त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात प्रसिद्ध झाले. कासार समाजातील धर्मपरायण घर, व्रतवैकल्यांत गेलेले बालपण, मिशनच्या शाळेतील शिक्षण, परमहंस सभेशी आलेला संबंध आणि दीर्घ घालमेलीनंतरचा निर्णय असा त्याचा क्रम आहे. या क्रमात परमहंस सभेचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. १८४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत. पण ही गोष्ट ते गुप्त ठेवीत. सभासदांची नावे बाहेर फुटली तेव्हा १८६० च्या सुमारास सभाच विस्कटली. तिच्यापुढे बाप्तिस्मा ठेवून पाहिला म्हणजे निष्ठेविषयीची पदमनजींची कल्पना स्पष्ट होते. खाजगी मत आणि निष्ठा यांत त्यांच्या मते फरक आहे. जे मत लोकांपुढे येताच सोडावे लागते ते मतच राहते. विरोध होईल हे जाणून जे प्रकट केले जाते त्याला निष्ठा म्हणावयाचे.

या भूमिकेचे बळ मान्य करूनही तिची वाङ्मयीन मर्यादा नोंदविली पाहिजे. ‘अरुणोदया’ची रचना अंधारातून प्रकाशाकडे जाणारी आहे, शीर्षकच तसे सांगते. अशा रचनेत विरोध करणारी माणसे अंधाराच्या बाजूची ठरतात. लेखक त्यांच्याविषयी कठोर होत नाही, घरच्यांच्या दुःखाची त्याला जाणीव आहे. परंतु ते दुःख त्यांच्या बाजूने सांगण्यास या रचनेत जागा नाही. कथनाचा सगळा ओघ बाप्तिस्म्याकडे असल्यामुळे पुढचा दीर्घ काळ त्याच्या कक्षेच्या कडेला राहतो. धर्मांतराचे कथन म्हणून ‘अरुणोदय’ समर्थ आहे. निष्ठेचे कथन म्हणून ते जेथे थांबते तेथे खरा प्रश्न सुरू होतो.

४

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत विरोधाला दोन दिशा होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वदेशात त्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या आरोपावरून वादळ उठले, ‘केसरी’ने कडाडून टीका केली आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. हा विरोध अपेक्षित असा होता.

दुसरा विरोध ज्यांनी त्यांना धर्मात घेतले त्यांच्याकडून आला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारतात आणि उत्तर पटल्याशिवाय मान तुकवीत नाहीत. अंडे घातलेले पदार्थ त्या खात नाहीत, यात जेराल्डिन यांना जातीचा अवशेष दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशप मत देतात. तेव्हा सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आपण कोणाच्याही हाती सोपविले नसल्याचे त्या निक्षून सांगतात. ख्रिस्तावरील निष्ठा आणि ख्रिस्ती संस्थेवरील निष्ठा यांत रमाबाईंनी केलेला हा भेद त्यांच्या सर्व लेखनाचा कणा आहे.

ही पत्रे जेराल्डिन यांनीच जपली आणि संकलित केली, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे रमाबाईंच्या निष्ठेचा सर्वांत जिवंत पुरावा त्यांना दटावणाऱ्या व्यक्तीच्या हातून आपल्यापर्यंत आला. यामुळे हा संग्रह एकसुरी राहत नाही. वाचकाला दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकू येते आणि जेराल्डिन यांची काळजीही खरी होती, हे मान्य करावे लागते.

१९०७ मधील साक्षपर आत्मकथनात रमाबाई आणखी एक पाऊल पुढे जातात. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला गवसला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्या सांगतात. निष्ठेच्या कथनात या कबुलीला फार मोल आहे. तिच्यामुळे बाप्तिस्म्याचा क्षण कथनाच्या केंद्रावरून दूर होतो. दोन्ही बाजूंच्या वादांत ठाम राहणारी व्यक्ती ज्या गोष्टीसाठी ठाम होती ती तिला अद्याप पूर्णपणे गवसलेली नव्हती. येथे निष्ठा ही प्राप्त सत्याची राखण राहत नाही. शोध चालू ठेवण्याचा निर्धार असे तिचे रूप होते. अर्थात हे सारे साक्षीच्या आणि वादाच्या भाषेत येते. रोजच्या घराचा काळ या लेखनातही क्वचितच उतरतो.

५

तो काळ ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये उतरला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन कित्येक वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण काही काळ आपला सोवळ्याचा आचार त्यांनी सोडला नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

या चरित्रक्रमातून एक रचनात्मक वैशिष्ट्य निर्माण होते. ‘स्मृतिचित्रां’च्या पूर्वार्धात ख्रिस्ती निष्ठेला होणारा विरोध निवेदिका स्वतः आहे. धर्मांतरिताचे घर उद्ध्वस्त झाले, हे येथे उद्ध्वस्त झालेल्या बाजूने कळते. टिळकांची श्रद्धा वाचकाला आतून दिसत नाही. दिसतो तो तिचा घरावर झालेला परिणाम. उत्तरार्धात तीच निवेदिका ख्रिस्ती झालेली आहे, तरीही पूर्वीच्या लक्ष्मीला ती अज्ञानी ठरवीत नाही. तिचा संताप, तिचे सोवळे, तिची भीती यांना लेखिका त्यांच्या जागी राहू देते, त्यांना हसते आणि त्यांचा मानही राखते. बदलाचा क्षणही येथे दृष्टांत म्हणून येत नाही. जाती कोणी केल्या, या प्रश्नापासून सुरू झालेला विचार कोणाच्याही हातचे खाण्याच्या निश्चयापर्यंत पोहोचतो. श्रद्धा बदलते ती प्रथम स्वयंपाकघरात.

मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रां’चा गौरव मुख्यतः त्यातील विनोद, निर्मळपणा आणि बोलीचा गोडवा यांसाठी केला. त्यामुळे या ग्रंथाचा धार्मिक आशय बाजूला ठेवूनही त्याचा आस्वाद घेता येतो, असा समज नकळत दृढ झाला. हा समज तपासून पाहावयास हवा. लक्ष्मीबाईंचा विनोद हा आशयावर चढविलेला अलंकार नव्हे. विरोधकाला शत्रू न करता विरोधाचे कथन कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या विनोदात आहे. सोवळ्यापायी घर वेठीस धरणारे वडील, लहरी पती आणि रागावलेली स्वतः लक्ष्मी यांना एकाच मापाने मोजणारा तो विनोद आहे. क्षमेचे तत्त्व न उच्चारता क्षमेचा व्यवहार करणारे हे गद्य आहे. ते ख्रिस्ती आहे ते या अर्थाने.

टिळकांच्या उत्तरायुष्याचाही येथे विचार करावा लागतो. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. ज्या संस्कारापायी त्यांचे स्वतःचे घर एकदा मोडले होते, तो शिष्यत्वाची अट राहू नये, हा त्यांचा निर्णय रमाबाईंनी केलेल्या भेदाशी जुळणारा आहे.

६

धर्मांतरित पती आणि त्याच्या मागे ओढली गेलेली पत्नी, ही जोडी मराठीबाहेरही सापडते. अहमदनगर येथे धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्तियनाधन (१८६२–१८९४) यांची ‘सगुणा’ ही इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या नियतकालिकातून क्रमशः आली. तिच्या आरंभीच्या भागात आईची, म्हणजे राधेची, हकीगत आहे. पतीच्या नव्या धर्मापुढे बावरलेली, आपला आचार धरून राहणारी आणि सावकाश बदलणारी ही स्त्री ‘स्मृतिचित्रां’तील लक्ष्मीची पूर्वज शोभते. परंतु राधेची कथा मुलगी सांगते, तीही इंग्रजीत आणि मुख्यतः दूरच्या वाचकांसाठी. आईचा विरोध येथे सहानुभूतीचा विषय होतो. तो बोलू लागत नाही. दुसरीकडे, मिशनरी स्त्रियांच्या वरचढपणाविषयी सगुणा जे स्पष्टपणे बोलते, ते जन्मतः ख्रिस्ती असलेल्या पिढीलाच सहज बोलता येण्यासारखे होते. भाषा, पिढी आणि निवेदकाचे स्थान बदलताच विरोधाचे मोजमाप कसे बदलते, याचे हे उदाहरण तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

७

या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. एक, मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत विरोध हा बहुधा आप्तांचा असल्यामुळे हुतात्म्याच्या कथेचा साचा त्यांना पुरत नाही. घरातील पेचाचे भक्तिपरंपरेतील निवेदन त्यांना अधिक जवळचे आहे. दोन, निष्ठेची परीक्षा जुन्या समाजाइतकीच नव्या धर्मबांधवांकडूनही होते. रमाबाई आणि टिळक यांना एतद्देशीय विरुद्ध परकीय, अशा सरळ द्वंद्वात बसविता येत नाही, ते यामुळेच. तीन, निष्ठेच्या कथनाचा कस विरोधकाला दिलेल्या न्यायात लागतो. ‘अरुणोदया’त विरोधकाविषयी सहानुभूती आहे, रमाबाईंच्या पत्रसंग्रहात त्याचा स्वतःचा आवाज आहे आणि ‘स्मृतिचित्रां’त तोच निवेदक झाला आहे.

धर्मांतराचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येतो तेव्हा ‘कोणी सोडले’ आणि ‘कोणी नेले’ याच भाषेत बोलले जाते. या ग्रंथांची भाषा निराळी आहे. जे सोडले त्याच्याशी असलेले नाते संपत नाही आणि जे स्वीकारले त्याच्याशी चाललेला वादही मिटत नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्यांच्या आधारे दाखविले. धर्मांतराच्या अभ्यासाने बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी न थांबता पुढील वर्षांकडे वळावे, असे या ग्रंथांचे सांगणे आहे. त्या वर्षांची नोंद दप्तरांत फारशी सापडत नाही. ती प्रामुख्याने साहित्यातच झालेली आहे.