भाकीत आणि पेरणी

भविष्यकाळाविषयीं लिहिलेल्या कादंबरीचें मोल तिच्यांतील भाकितें किती खरीं ठरलीं यावरून करणें, ही टीकेच्या क्षेत्रांतील एक मोठी गफलत होय. ग्रहण वेळेवर लागलें म्हणून पंचांगाला कोणी काव्य म्हणत नाहीं. ऑक्टेव्हिया बटलर (१९४७–२००६) या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, म्हणजे ‘पेरणाऱ्याचा दृष्टान्त’, या १९९३ सालच्या कादंबरीवर मात्र असा अन्याय झालेला आहे. कादंबरी रोजनिशीच्या रूपानें २०२४ सालीं सुरू होते. फेब्रुवारी २०२५ च्या एका नोंदींत आगीचें वर्णन आहे. जानेवारी २०२५ मध्यें लेखिकेच्या पॅसाडिना या जन्मगांवाला लागून असलेलें अल्टाडीना वणव्यांत होरपळलें. त्यांची कबरही तेथेंच आहे. मग त्यांना द्रष्ट्या ठरविण्याची अहमहमिका लागली.

बटलरबाईंनीं स्वतः असा दावा केला नव्हता. सभोंवतालच्या दुर्लक्षित दुखण्यांना आपण तीसएक वर्षें वाढूं दिलें, इतकेंच त्यांचें म्हणणें होतें. त्यांच्या कॅलिफोर्नियांत अवर्षणामुळें पाणी पेट्रोलहून कित्येक पट महाग झालें आहे. ज्यांना जमतें ते भिंतींआड राहतात, बाकीचे रस्त्यावर. समुद्रकांठचें एक गांव तर सुरक्षिततेच्या आशेनें स्वतःला एका कंपनीच्या हवालीं करतें. लॉरेन ओलामिना या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला दुसऱ्याची वेदना पाहतांच ती आपल्याच अंगांत जाणवते. भिंत टिकणार नाहीं हें ओळखून ती वनस्पतींचीं पुस्तकें वाचते आणि जरुरीच्या वस्तूंचें गांठोडें बांधून ठेवते. २०२७ मध्यें वस्ती जळते, आणि लॉरेन पुरुषवेषानें उत्तरेची वाट धरते.

या वाटेंतच कादंबरीचें मर्म आहे. एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेंतील गुलाम याच दिशेनें रात्रीबेरात्रीं पळत असत. लॉरेनच्या सोबत्यांतही कर्जापायीं वेठीस धरलेलीं माणसें आहेत. निसर्गाचा कोप सर्वांवर सारखा होत नाहीं, आणि त्याच्या आडून जुनी गुलामगिरी नवें नांव घेऊन परत येते, हें सत्य तिच्या आठवणी ज्यांच्या घराण्यांत आहेत अशा लेखिकेलाच इतक्या स्वच्छपणें दिसावें, यांत नवल नाहीं. जोतीराव फुले यांनीं आपली ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्यांस अर्पण केली होती. त्या अर्पणपत्रिकेची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हा धागा परका वाटूं नये. लॉरेन दुसरी भिंत बांधीत नाहीं. जो कष्टांत आणि पहाऱ्यांत वांटा उचलील त्याला, मग त्याचा वर्ण कोणताही असो, ती आपल्यांत घेते. न्याय हा सुबत्तेनंतर वांटावयाचा प्रसाद नसून टंचाईंत जगण्याचें साधन आहे, हा या कथेचा सिद्धान्त आहे.

पुस्तक निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. लॉरेननें स्थापिलेल्या धर्माचीं वचनें प्रकरणांच्या आरंभीं येतात. त्यांतील कांहीं कथेचा ओघ अडवितात. शिवाय मानवजातीनें ताऱ्यांवर जाऊन वसावें हें त्या धर्माचें अंतिम ध्येय मातीवर इतका जीव लावणाऱ्या मुलीच्या तोंडीं विसंगत वाटतें. पृथ्वी सांवरण्याची शपथ घेणाऱ्यानें ती सोडून जाण्याचें स्वप्न कां पाहावें, या शंकेचें समाधान कादंबरींत होत नाहीं.

तथापि शेवट हा दोष बराचसा भरून काढतो. प्रवासाच्या अखेरीस त्यांना आश्रय देणारें घर जळालेलें आढळतें. मंडळी तेथेंच थांबतात, आपल्या मृतांसाठीं ओकचीं झाडें लावतात आणि वस्तीला ओकच्या फळाचें, ‘एकॉर्न’ हें नांव देतात. या पुस्तकांतील जें खरें ठरलें त्याची चर्चा पुष्कळ झाली. जें अद्याप खरें व्हावयाचें आहे तें या शेवटच्या पानांत आहे. आणि तें वणव्यासारखें आपोआप येणार नाहीं, पेरावें लागेल.