एकरात विकलं, चौरस फुटात घेतलं

प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि एका तालुक्याचं नाव गुन्हेगारीच्या एका तऱ्हेला कायमचं चिकटलं. त्यातलं गाणं वरातीत अजून वाजतं, संवादांचे रील्स फिरतात, २०२१मध्ये ‘अंतिम’ नावाने त्याचा हिंदी अवतारही निघाला. मला हा सिनेमा आवडतो. पण गेली काही वर्षं मी त्याच मुळशी तालुक्यात, मारुंजीच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहतोय, आणि इथून पाहिला की त्यात एक भलीमोठी रिकामी जागा दिसते.

आधी त्याची ताकद. मोहन जोशींनी केलेला बाप, सखा पाटील, जमीन विकून बसलेला आणि मग दुसऱ्याच्या दारात राबायची वेळ आलेला. जोशी त्याला रडका करत नाहीत. पैसा आला, गेला, आणि गावातली पत त्याच्यासोबत गेली, हे त्यांच्या नुसत्या उभं राहण्यात कळतं. ओम भूतकरचा राहुल हा त्या लाजेचा मुलगा आहे. बापाने जे विकलं ते दहशतीने परत मिळवता येईल असं त्याला वाटतं. मराठीत जमिनीच्या भावाची गोष्ट इतक्या थेट, आणि इतक्या गर्दीला, क्वचितच कोणी सांगितली असेल. तरडे स्वतः मुळशीचे, ते प्रत्येक शिवीत ऐकू येतं.

कॅमेरा गुंडगिरीवर भाळतो ही टीका भरपूर झालीय. ती खरीच आहे, मी त्यात वेळ घालवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: सिनेमा सात-बारावरचं नाव बदललं की त्या जमिनीकडे पाहणंच सोडून देतो.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतकरी एकरात विकतो, गुंठामंत्री गुंठ्यात मिरवतो, आणि माझ्यासारखा माणूस चौरस फुटात विकत घेतो. जमीन तीच, पण प्रत्येक टप्प्यावर माप लहान होतं आणि भाव वाढतो. एका गुंठ्यावर एकावर एक वीस घरं बसतात. त्या वीस घरांतल्या माणसांनी वीस-वीस वर्षांची कर्जं घेतलेली असतात. ही माणसं ‘मुळशी पॅटर्न’मध्ये कुठेच नाहीत. त्यात विकणारा आहे, दलाल आहे, भाई आहे, पोलीस आहे. घेणारा म्हणजे नुसती मागे उभी असलेली इमारत.

त्यामुळे सिनेमाला एक सोपं उत्तर सापडतं: जमीन विकू नका. हे ऐकायला बरं वाटतं, पण ते सगळा हिशेब बापाच्या मूर्खपणावर लावतं. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीचं आहे, आणि एमआयडीसी जमीन संपादित करते. तिथे ‘विकायची नाही’ हा पर्याय कितीसा उरतो? पार्क आल्यावर आजूबाजूचा भाव जिथे गेला, तिथे भाताच्या एका पिकावर घर चालवणाऱ्याने कोणत्या जोरावर थांबायचं होतं? आणि पोरांना त्या पार्कात कोणत्या नोकऱ्या मिळाल्या? कॅब, सिक्युरिटी, कॅन्टीन. राहुल का घडला याचं उत्तर बापाच्या सहीपेक्षा या यादीत जास्त आहे.

शिवाय पॅटर्न जुना आहे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या शेतकऱ्यांनी, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ते हरले. धरण झालं, गावं बुडाली. ते पाणी आजही सह्याद्री ओलांडून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं आणि तिथून कुंडलिकेत. आम्ही टॉवरवाले विकेंडला ताम्हिणी उतरून कोलाडला राफ्टिंगला जातो, ते बहुतांशी याच सोडलेल्या पाण्यावर. घरी मात्र नळाला टँकरचं.

कारण टॉवर उभे राहिले तेव्हा हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती होत्या. गावापुरती नळयोजना, गावापुरते रस्ते, गावापुरतं गटार. त्यावर शहर येऊन बसलं. रेराने २०१७पासून चटईक्षेत्र स्पष्ट लिहायला लावलं, ते चांगलंच झालं. पण पाणी कुठून येणार, हे होर्डिंगवर स्विमिंग पूलएवढ्या मोठ्या अक्षरांत लिहायला अजून कोणी लावलेलं नाही. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ला झाली, सिनेमा लागून महिनाही झाला नव्हता. तेव्हापासून इथल्या फ्लॅटच्या किमतीत ती मेट्रो धरलेली आहे. लोकांनी तिचे पैसे हप्त्यात आधी भरले आणि रोज तास-दीड तास सिग्नलला काढला.

याला विकास म्हणायला माझी हरकत नाही. पगार आले, पोरांच्या शाळा बदलल्या, माझंही पोट याच पार्कावर चालतं. पण ‘पूर्वी सगळं छान होतं’ असं सिनेमा सुचवतो, तेही मला पटत नाही. मावळातल्या गरिबीला तो फार हळवेपणाने बघतो. बायका त्यात जवळपास नाहीतच. त्या काळातल्या नाहीत आणि आताच्याही नाहीत. पत्र्याच्या खोल्यांतून सकाळी सातला निघून चार-चार फ्लॅटची भांडी घासणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या मावशींना तर कोणत्याच पॅटर्नमध्ये जागा नाही.

खरा संघर्ष मला बंदुकीत दिसत नाही. आमच्या सोसायटीला पाणी देणाऱ्याच्या घरची जमीन याच पट्ट्यात होती. उन्हाळ्यात तो टँकरचा दर वाढवतो. ग्रुपवर त्याला ‘टँकर माफिया’ म्हणतात. तो आम्हाला ‘बाहेरचे’ म्हणतो. आम्हाला वाटतं तो लुटतोय. त्याला वाटतं, आमच्या बापाला लुटून बांधलेल्या घरात हे बसलेत. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि ज्यांनी मधल्या मधे एकराचे चौरस फूट केले ते या भांडणात कुठेच नसतात. ही गोष्ट तरडेंच्या भाषेत, त्याच रगेलपणाने, कोणीतरी सांगायला हवी. ती गेटवर सुरू होईल: रात्री अकराला टँकर लागतो, सेक्रेटरी खाली येतात, वॉचमन वही पुढे करतो आणि दोघंही एकमेकांकडे न बघता सही करतात.