स्वस्त कोंबडीचा अपुरा हिशेब

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी आज ब्रॉयलर कोंबडीचे मांस बोकडाच्या मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. चायनीजच्या गाडीवरही तेच असते. स्वस्त प्रथिने सर्वांना मिळावीत, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप हिशेबावर आहे. पाटीवरच्या भावात सगळा खर्च धरलेला असतो का?

आधी स्वस्ताईचे कारण पाहू. कॅनडातील संशोधकांनी १९५७ चा आणि २००५ चा वाण एकाच खाद्यावर वाढवला. ५६ दिवसांत पहिल्याचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरले, दुसऱ्याचे ४,२०० ग्रॅम! निवडक पैदाशीचे हे यश खरेच; पण मांस झपाट्याने वाढते, पाय व हृदय मागे पडतात. लंगडेपणाची किंमत पक्षी मोजतो.

दुसरा खर्च पाण्याचा. एक किलो कोंबडीच्या मांसामागे जगाच्या सरासरीने सुमारे ४,३०० लिटर पाणी लागते. ते कोंबडी पीत नाही; बहुतेक पाणी मका-सोयाबीनच्या पिकाला लागते. बोकडाच्या मटणाला याहून जास्त लागते, हेही सांगायला हवे. परंतु २०१२-१३ चा दुष्काळ सोसलेल्या जालना जिल्ह्याने पाणी फुकट समजून कसे चालेल?

तिसरा खर्च औषधांचा. दाटीवाटीत रोग पसरू नये, वजन लवकर वाढावे म्हणून प्रतिजैविके खाद्यातून दिली जातात. औषधाला न जुमानणारे जीवाणू त्यातून निवडले जातात आणि माणसापर्यंत पोचतात. २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा पशुपालनातील वापर भारताने २०१९ मध्ये बंद केला. बंदी योग्यच, पण तोपर्यंतची किंमत कोणी मोजली?

चौथा खर्च साथीचा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे कोंबडी न खाणाऱ्याच्याही खिशातून गेली. २०२१ मध्ये हाच रोग शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पोचला.

कोंबडी खाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. शेकडा नफ्याची उदाहरणे आपण वर्गात नेहमीच सोडवून घेतो. एकदा फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘गिऱ्हाईक देते’ आणि ‘इतर देतात’. दुसरा रकाना मुलांनीच भरावा. भाव आणि किंमत या दोन शब्दांतला फरक त्यांना आपोआप कळेल.