वावड्याचें वाङ्मय

मराठींत 'वावडें' हा एक मोठा गुणी शब्द आहे. एखाद्याला वांगें सोसत नाहीं, एखाद्यानें कोळंबी खाल्ली कीं त्याच्या अंगभर गांधी उठतात, अशा वेळीं घरांतील वडीलधारीं माणसें 'त्याला तें वावडें आहे' एवढेंच म्हणून पान वाढतांना तो पदार्थ वगळीत. त्यांत उपहासहि नसे आणि कौतुकहि नसे. पुढें हा शब्द लेखकांच्या हातीं लागला आणि बिघडला. अमक्याला कष्टांचें वावडें, तमक्याला सत्याचें वावडें, असा त्याचा वापर इतका रूढ झाला कीं आज पंक्तींत कोणी 'मला काजूचें वावडें आहे' म्हणाला तर यजमानाला तें आवडीनिवडीचें बोलणें वाटतें, आणि तो आग्रहानें आणखी एक वाटी पुढें सारतो. रूपकानें मूळ अर्थ गिळल्याचीं उदाहरणें भाषेंत पुष्कळ आहेत. पण येथें त्या गिळण्यापायीं माणूस मरूं शकतो.

हा विचार मनांत येण्याचें निमित्त म्हणजे सँड्रा बीझ्ली या अमेरिकन कवयित्रीचें 'डोन्ट किल द बर्थडे गर्ल' हें २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मकथन. पुस्तक नवें नाहीं. आमच्या हातीं तें उशिरां आलें, आणि ज्या कारणानें आलें तें पुढें सांगूं. लेखिकेला जन्मापासून जें सोसत नाहीं त्याची यादी अशी: दूध, अंडें, सोयाबीन, गोमांस, कोळंबी, चिलगोजे, काकडी, दोन जातींचीं खरबुजें, आंबा, मॅकाडेमिया, पिस्ते, काजू, स्वोर्डफिश नांवाचा मासा आणि मोहरी. शिवाय बुरशी, धूळ, गवताचे व झाडांचे पराग, सिगारेटचा धूर, कुत्रीं, ससे, घोडे आणि लोंकर हीं निराळींच. ज्या घरांत फोडणी मोहरीवांचून होत नाहीं आणि मे महिना आंब्यावांचून सरत नाहीं, त्या घरच्या वाचकाला ही यादी वाचून प्रथम हंसूं येतें; मग तें ओंसरतें.

यादी विक्षिप्त वाटते खरी, पण नीट पाहतां तिच्यांत एक छुपा क्रम आहे. आंबा, काजू आणि पिस्ता हीं तिन्ही एकाच वनस्पतिकुळांतलीं. आमच्याकडे ज्याच्या तेलानें अंग उततें तो बिब्बाहि त्यांचाच भाऊबंद. काकडी आणि खरबूज यांचेंहि कूळ एकच. शरीर शत्रूला कित्येकदां चेहऱ्यावरून नव्हे, गोत्रावरून ओळखतें, हें या यादीवरून जितकें स्पष्ट होतें तितकें एखाद्या वैद्यकीय ग्रंथाच्या प्रकरणावरूनहि होणार नाहीं.

पुस्तकाचें नांव लेखिकेच्या आईच्या तोंडचें आहे. वाढदिवसाला पाहुण्यांनीं केक खावा, त्यावरील लोणी-साखरेचा लेप ओठांना लागलेला असावा, आणि त्याच ओठांनीं त्यांनीं त्या मुलीचा मुका घ्यावा, एवढ्यानें तिच्या जिवावर बेतण्याचा संभव. म्हणून आई त्यांना बजावी, 'वाढदिवसाच्या मुलीला मारूं नका!' ज्या समारंभाची नायिका आपण, त्यांतील एकहि घांस आपल्यासाठीं नाहीं, आणि प्रेम हेंच विषाचें वाहन, हा विरोध एखाद्या नाटककारालाहि सहज सुचणार नाहीं. लेखिकेनें त्याचें भांडवल न करतां तो हंसत सांगितला आहे, यांत तिची अभिरुचि दिसते. टेक्सासमधील गोमांसप्रिय नातलगांच्या मेळाव्यांत शाकाहारी बहिणीबरोबर तिनें दिवस कसे काढले, तो भाग आम्हांला विशेष आवडला. ज्यांच्या आप्तमंडळांत 'एवढ्याशानें काय होतें' असें म्हणणारी एकतरी मावशी आहे, त्यांना तो भाग अमेरिकेंतला वाटणारच नाहीं.

परंतु पुस्तकाला दोन दोष आहेत. पहिला असा कीं, आत्मकथन आणि मार्गदर्शन यांची त्यांत सरमिसळ झाली आहे. आईबापांनीं शाळेशीं कसें बोलावें, उपाहारगृहांत आपली बाजू कशी मांडावी, हे विषय उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. पण तेथें कवयित्री उठून जाते आणि तिच्या खुर्चीवर एक सालस वार्ताहर येऊन बसतो. बेनाड्रिल या औषधाची काळी बाजू ती उघड करते, तेथें मात्र दोन्ही भूमिकांचा मेळ बसला आहे. ज्या औषधानें खाज शमते, गांधी मावळतात आणि सुस्ती येते, त्याच औषधावर विसंबून राहिल्यास घसा आवळत असतां अॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन टोंचण्याची वेळ निघून जाते, ही गोष्ट आमच्याहि घरोघरीं माहीत असावयास हवी.

दुसरा दोष अधिक खोल आहे. त्याला दोष म्हणावें कीं मर्यादा, हें वाचकानें ठरवावें. बीझ्लीचे शत्रु नांवानिशीं ठाऊक आहेत. ते कोठें लपतील एवढाच तिचा प्रश्न. पण ज्याला शत्रूचें नांवच ठाऊक नाहीं, त्याचें काय?

येथें आम्हीं पुस्तक हातीं घेण्याचें कारण सांगणें प्राप्त आहे. आमच्या एका पुतणीला तीन वर्षांत तीनदां असा झटका आला. पहिल्यांदा एका लग्नांत जेवणानंतर वरातींत नाचतांना अंगभर पित्त उठलें, ओंठ सुजले आणि ती खालीं बसली. श्रीखंडावर संशय आला. तें बंद झालें. दुसऱ्यांदा सिंहगड चढतांना, पराठे खाऊन तासभर झाला असेल. त्यांत श्रीखंड नव्हतें. मग पराठ्याबरोबरच्या लोणच्यावर आळ आला. आजीनें मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढली (बीझ्लीच्या घरीं हा उपायच घातक ठरता!). दोन डॉक्टरांनीं मुलगी मनानें नाजूक आहे असें सुचविलें. तिसऱ्यांदा ती घरींच होती. डोकें दुखतें म्हणून वेदनाशामक गोळी घेतली आणि वर पाव खाल्ला, एवढेंच.

तिसऱ्या डॉक्टरांनीं प्रत्येक वेळीं काय खाल्लें हें तर विचारलेंच, पण खाल्ल्यावर काय केलें हेंहि विचारलें, आणि तेथें उलगडा झाला. अपराधी गहूं. गव्हांतील ओमेगा-पांच ग्लायडिन नांवाचें एक प्रथिन कांहीं माणसांना एरवीं निमूट पचतें. पण खाल्ल्यानंतर थोड्याच वेळांत धांवपळ घडली, अथवा अॅस्पिरिनच्या जातीची गोळी पोटांत गेली, कीं तेंच उलटतें. गव्हाची साधी तपासणी अशा रोग्यांत कधीं कधीं निर्दोष येते. त्या एका प्रथिनाची निराळी तपासणी करावी लागते. रोजची पोळी खाऊन ही मुलगी अभ्यासाला बसत असे, म्हणून पोळीवर कोणी संशयच घेतला नाहीं. आणि ज्यांना इतका शोध करूनहि कारण सांपडत नाहीं असे रोगी आहेतच. डॉक्टर त्यांच्या व्याधीला अज्ञातहेतुक म्हणतात.

असा शोध हा कथेचा उत्तम विषय आहे, आणि आश्चर्य हें कीं तो ललितलेखकांपेक्षां शास्त्रज्ञांनींच अधिक चांगला लिहिला आहे. सेटुक्सिमॅब या कर्करोगावरील औषधाच्या पहिल्याच मात्रेनें अमेरिकेच्या टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या भागांतील कित्येक रोग्यांना जीवघेणा झटका येई. ईशान्येकडील राज्यांत मात्र असें क्वचित् घडे. २००८ सालीं टॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, त्या रोग्यांच्या रक्तांत औषध देण्यापूर्वींच अल्फा-गॅल या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतीं. हीच शर्करा गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसांत असते. मग त्या भागांतील कांहीं माणसांना मांस खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर तीन ते सहा तासांनीं, बहुधा ऐन झोंपेंत, गांधी उठून दम कां कोंडतो, याचा उलगडा झाला. प्लॅट्स-मिल्स स्वतः २००७ सालीं रानांत फिरतांना गोचिडांच्या तावडींत सांपडले होते. पुढें मेंढीचें मांस खाल्ल्यावर कांहीं तासांनीं त्यांच्याच अंगावर पित्त उठलें. औषध, भूगोल, रात्रीचें जेवण आणि गोचीड हे चार दुवे ज्या कोणा कादंबरीकारानें असे जुळविले असते त्याला आम्हीं कृत्रिमतेचा दोष दिला असता.

बीझ्लीच्या पुस्तकांत हा थरार नाहीं. तिची भीति दाराशीं उभी आहे, पाठीमागें नाहीं. म्हणून ती विनोद करूं शकते. ज्याला आपला मारेकरी ठाऊक नाहीं त्याला प्रत्येक पदार्थ संशयित वाटतो, आणि भोंवतालचीं माणसें हळूहळू त्याच्यावरच संशय घेऊं लागतात. त्याचें एकटेपण मराठींत अजून कोणीं लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं 'अॅलर्जी' हा शब्द १९०६ सालीं घडविला. आपण तो बिनतक्रार उचलला, आणि आतां कंटाळवाण्या नातेवाइकांची 'अॅलर्जी' आहे असें म्हणून त्याचीहि वावड्यासारखीच गत करीत आहों.

हें पुस्तक मराठींत यावें असें आम्हांला वाटतें, मात्र भाषांतरकारानें नांवाला फार सोज्ज्वळ करूं नये. त्यांतील 'मारूं नका' हे शब्द राहिलेच पाहिजेत. पुतणीला आम्हीं तें वाचावयास दिलें. तिला तें आवडलें, पण तिनें तें अर्धेंच वाचून परत केलें आणि आपली वही दाखविली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती प्रत्येक जेवणाची वेळ, गव्हाचा पदार्थ, नंतरचें चालणें, घेतलेली गोळी हें सारें एका ओळींत टिपते. शाळांवरील त्या प्रकरणापेक्षां आम्हांला ही वही अधिक वाचनीय वाटली. तींत एका ठिकाणीं लिहिलें आहे: 'दुपारीं दोन पुऱ्या. संध्याकाळीं वरात. मी रिक्षांत बसलें.'