अश्वत्थाम्याची सबब

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी अण्वस्त्रांविषयी जो सल्लावजा अभिप्राय दिला, त्याचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु त्यास जोडलेले श्रीलंकेचे न्यायमूर्ती क्रिस्टोफर वीरमंत्री यांचे भिन्नमतपत्र आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या नजरेखालून गेले असेल. कायद्याचे कागद सहसा वाङ्मयविचाराच्या कक्षेत घेतले जात नाहीत. हे पत्र मात्र घ्यावे असे आम्हांस वाटते. त्यात रामायण-महाभारताची साक्ष काढलेली आहे, आणि ज्या समाजात ही आर्षकाव्ये देवळाच्या मंडपात अजूनही श्रवण केली जातात, त्या समाजास ती साक्ष नीट काढली गेली की नाही हे पाहण्याचा अधिकार पोहोचतो.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो सामान्य नागरिकांच्या खटपटीमुळे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील निवृत्त दंडाधिकारी हॅरॉल्ड इव्हान्स यांनी १९८७ साली पंतप्रधानांस अनावृत पत्रे लिहून, अण्वस्त्रे कायदेशीर आहेत काय हे न्यायालयास विचारा, अशी मागणी केली. पुढे १९९२ मध्ये जिनीव्हा येथे डॉक्टर, वकील व शांततावादी यांच्या संस्थांनी ती मोहीम आपल्या हाती घेतली. त्यांनी आधार शोधला तो १८९९ च्या हेग कराराच्या प्रस्तावनेतील एका कलमाचा. जेथे लिखित नियम नाही तेथेही माणूस मानवतेच्या तत्त्वांच्या आणि लोकांच्या सदसद्विवेकाच्या संरक्षणाखाली असतो, असा त्या कलमाचा आशय. मग लोकांचा सदसद्विवेक काय म्हणतो हे लोकांनीच लेखी सांगावे, अशी युक्ती निघाली. सुमारे ४० लाख माणसांनी तसे सह्यांनिशी सांगितले. त्यांतील बहुसंख्य जपानची होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने १५ डिसेंबर १९९४ रोजी न्यायालयाकडे पृच्छा केली. सभेतील ठराव ७८ विरुद्ध ४३ मतांनी संमत झाला. ३८ राष्ट्रे तटस्थ राहिली. अण्वस्त्रधारी बड्या राष्ट्रांचा दबाव झुगारून लहान राष्ट्रांनी हे केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आरोग्य संघटनेचा प्रश्न न्यायालयाने तिच्या अधिकाराबाहेरचा म्हणून परत केला. सभेच्या प्रश्नास उत्तर दिले.

हेगचे हे न्यायालय गोमंतकीयांस अनोळखी नाही. दादरा-नगरहवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने १९५५ साली भारतावर तेथेच दावा लावला होता. वाटेचा हक्क खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता होता, सैन्य व शस्त्रे यांना तो नव्हता, असा १२ एप्रिल १९६० चा निकाल. त्यानंतर पुढल्या वर्षी गोमंतकाचा प्रश्न कसा सुटला ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा शस्त्र कधीही उचलू नये असा उपदेश येथे करावयाचा नाही. कोणते शस्त्र, एवढाच प्रश्न आहे.

न्यायालयाच्या उत्तरात एक भगदाड राहिले. अण्वस्त्रांचा वापर सामान्यतः युद्धविषयक कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे म्हणून न्यायालय पुढे म्हणते की, राज्याचे अस्तित्वच पणास लागले असता, स्वसंरक्षणाच्या पराकाष्ठेच्या प्रसंगी, तो वापर वैध की अवैध हे निश्चितपणे सांगता येत नाही. या वाक्यावर मते पडली सात विरुद्ध सात; अध्यक्ष महंमद बेजावी यांच्या निर्णायक मताने ते तरले. विरोधी सातांपैकी वीरमंत्री एक. त्यांच्या मते कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही सबबीवर, हे अस्त्र बेकायदाच होय.

त्यांचे पत्र सव्वाशे पानांच्या घरात जाते. त्याचा पूर्वार्ध, जेथे अण्वस्त्राने नेमके काय होते हे सांगितले आहे, तो आम्हांस सर्वांत समर्थ वाटला. रोगराई, किरणोत्सर्ग, पुढल्या पिढ्यांची हानी यांची वर्णने शांत शब्दांत, एकावर एक रचत नेली आहेत. एके ठिकाणी मात्र न्यायमूर्तींच्या लेखणीस उपरोधाची धार चढते. सैनिकाच्या शरीरात शिरून पसरणारी एक गोळी १८९९ पासून कायद्यास असह्य वाटते, आणि एका क्षणात लाख निरपराध माणसे जळणे मात्र असह्य वाटू नये, हे मोठे नवल, असा त्यांचा टोला आहे. (त्या गोळीस कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्याचे नाव पडले आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.)

यानंतर धर्मपरंपरांची साक्ष येते. हिंदू, बौद्ध, चिनी, ख्रिस्ती, इस्लामी, आफ्रिकी, अशा क्रमाने प्रत्येकीतील एकेक उदात्त वचन ताटात वाढल्याप्रमाणे मांडले आहे. येथे आमचा पहिला आक्षेप. प्रत्येक परंपरेत संहाराची स्तुतीही आहे, आणि न्यायासनावरील लेखकाने तिचा उल्लेख टाळावयास नको होता. दुसरा आक्षेप असा की, आपल्याकडील दाखले बरेचसे डॉ. नगेंद्र सिंग यांच्या लेखनावरून, म्हणजे दुसऱ्या हाताने घेतले आहेत. नगेंद्र सिंग याच न्यायालयाचे एकेकाळचे अध्यक्ष आणि साक्षेपी पंडित. पण सारांशात मूळचे पाणी उतरते. रावण अधर्माने लढत असूनही रामाने लक्ष्मणास सर्वसंहारक अस्त्र वापरू दिले नाही, एवढेच पत्रात सांगितले आहे. युद्धकांडातील प्रसंग याहून बिकट आहे. इंद्रजित अदृश्य राहून बाण टाकीत आहे, वानरसेना पडत आहे, आणि लक्ष्मण संतापून सर्व राक्षसांच्या नाशासाठी ब्रह्मास्त्र सोडतो म्हणतो. त्या क्षणी राम त्यास सांगतो की एकासाठी सगळ्यांना मारणे तुला योग्य नाही. जो लढत नाही, जो लपला आहे, हात जोडतो आहे, पळतो आहे, त्यास मारू नये. समोरचा शत्रू दिसतच नसताना पाळलेला हा नियम आहे. वीरमंत्रींनी मूळ पाहिले असते तर त्यांच्या युक्तिवादास केवढे बळ आले असते!

अर्जुनाने पाशुपतास्त्र वापरले नाही, यावरही त्यांचा भर आहे, आणि तो दाखला खरा आहे. दिव्य अस्त्रांनी सामान्य जनांस मारणे युक्त नव्हे, आपण सरळ युद्धानेच जिंकू, असे उद्योगपर्वात अर्जुन स्वतः म्हणतो. परंतु अर्जुनाचा संयम हा समर्थाचा संयम. न्यायालयाने जे भगदाड ठेवले त्याचे उत्तर त्यात मिळत नाही. ते मिळते सौप्तिकपर्वात.

निजलेल्या पांडवपुत्रांस रात्री कापून अश्वत्थामा गंगेकाठी व्यासांपाशी जातो. भीम पाठलाग करीत येतो. अश्वत्थामा गवताची काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. प्रतिकारार्थ अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. तेव्हा नारद आणि व्यास दोन्ही तेजांच्या मध्ये येऊन उभे राहतात. त्यांच्या हाती शस्त्र नाही आणि पाठीशी राज्य नाही. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्यास ते साधत नाही, आणि तो व्यासांस कारण सांगतो: पराकाष्ठेच्या संकटात सापडलो होतो, भीमसेनाच्या भयाने, प्राण वाचविण्यासाठी हे अस्त्र सोडले.

न्यायालयाचे ते संदिग्ध वाक्य आणि ही सबब शेजारी ठेवून वाचावीत. शब्दसुद्धा जवळजवळ तेच आहेत. भय खोटे नव्हते, भीम खरोखरच आला होता. पण आदल्या रात्री काय घडले म्हणून तो आला, हे अश्वत्थामा सांगत नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर रशियाच्या फौजा चालून गेल्यानंतर, क्रेमलिनच्या प्रवक्त्याने देशाच्या अस्तित्वास धोका उत्पन्न झाल्यास अण्वस्त्र वापरता येईल असे सांगितले, तेव्हा आम्हांस ही गंगाकाठची सबब आठवली. आपणही यातून सुटलेले नाही. १९९५ मध्ये याच न्यायालयास अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे असे लिहून कळविणाऱ्या भारताने मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट केले. त्यामागील कारणे आम्ही जाणतो, आणि ती सारीच क्षुद्र होती असे म्हणणार नाही. परंतु भय दाखवून अस्त्र बाळगणाऱ्याने आपली गणना अर्जुनात होते की दुसऱ्यात, याचा निर्णय स्वतःच देऊ नये.

अश्वत्थाम्याचे अस्त्र शेवटी पडले कोणावर? भीमावर नव्हे, अर्जुनावरही नव्हे, उत्तरेच्या गर्भावर. पुराणश्रवणास बसणाऱ्या मंडळींस परीक्षित वाचला हा भाग तोंडपाठ असतो, त्यामुळे अस्त्राची ही दिशा विसरली जाते. हेगच्या सुनावणीत नोव्हेंबर १९९५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांचे महापौर बोलले, हे प्रसिद्ध आहे. त्याच महिन्यात मार्शल बेटांवरील लिजॉन एक्नीलांग या स्त्रीने १ मार्च १९५४ च्या अमेरिकी चाचणीनंतर तिच्या बेटांवर स्त्रियांच्या पोटी काय जन्मास आले, ते न्यायमूर्तींसमोर सांगितले. हाडे नसलेली, जेलीफिशसारखी अर्भके, जी थोडा वेळ श्वास घेऊन मरत. तेथे कोणी कृष्ण नव्हता. वीरमंत्रींनी गर्भावरील व पुढल्या पिढ्यांवरील परिणामांस जी पाने दिली आहेत, ती वाचताना उत्तरेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मग नारद-व्यासांचे मध्ये उभे राहणे फुकट गेले काय? अस्त्र त्यांनी आवरले नाही, हे खरे. अभिप्राय बंधनकारक नव्हता, आणि मार्शल बेटांनी पुढे भारत, पाकिस्तान व ब्रिटन यांच्यावर लावलेले दावेही ५ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रथमद्वारीच फेटाळले गेले. भारताच्या बाबतीत ९ विरुद्ध ७ मतांनी. पण अण्वस्त्रनाशाच्या वाटाघाटी सद्भावाने कराव्यात आणि तडीस न्याव्यात, हे कर्तव्य १९९६ मध्ये चौदाही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, आणि ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला. अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी त्यात कोणी नाही. अर्जुनाने अस्त्र मागे घेतले ते मुनींना पाहून; निदान कोणी तरी मध्ये उभे असावे लागते.

या पत्राचे मराठी भाषांतर आमच्या पाहण्यात नाही. सव्वाशे पाने एकदम करणे कठीण; कोणी हाती घेतल्यास प्रथम परिणामांचा पूर्वार्ध आणि धर्मपरंपरांचे प्रकरण करावे, कोंकणीतही करावे, आणि युद्धकांड व सौप्तिकपर्वातील मूळ श्लोक तळाशी द्यावेत. न्यायमूर्तींच्या साक्षीत जे राहून गेले, ते तेथे वाचकांच्या हाती येईल.