सोनाटा-रूपबंध : साचा आणि स्मृती

पाश्चात्त्य अभिजात सिंफनीच्या पहिल्या खंडाचे विवरण करताना प्रस्तुती, विस्तार आणि पुनःप्रस्तुती असे सोनाटा-रूपबंधाचे तीन विभाग सांगण्याची प्रथा आहे. ही विभागणी उपयुक्त असली, तरी तिच्यामुळे रूपबंधाला पूर्वसिद्ध साच्याचे स्वरूप प्राप्त होते. वस्तुतः या रूपबंधाची शास्त्रीय मांडणी १९व्या शतकात, प्रामुख्याने ए. बी. मार्क्स यांच्या लेखनातून, स्थिर झाली. हायडन आणि मोझार्ट यांच्या सिंफनी त्यापूर्वीच्या आहेत. १८व्या शतकातील कोख हा सिद्धांतकार अशा खंडाचे वर्णन मुख्यतः स्वरकेंद्रांच्या प्रवासाच्या आधारे करतो. हायडनच्या १०४व्या सिंफनीत (१७९५) दुसऱ्या स्वरकेंद्रावर पहिलीच धून पुन्हा अवतरते. दोन भिन्न धुनांच्या शोधात असलेला श्रोता येथे गोंधळतो. स्वरकेंद्राच्या स्थलांतराकडे लक्ष असणाऱ्याला मात्र वाट सापडते. हिंदुस्थानी संगीतातील अचल षड्जावर ज्याचा कान घडला आहे, त्याला हे अवधान प्रयत्नपूर्वक कमवावे लागते.

मोझार्टच्या ४०व्या सिंफनीचा (१७८८) पहिला खंड या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जी मायनरमध्ये सुरू झालेली प्रस्तुती बी फ्लॅट मेजरमध्ये पोहोचते, आणि तेथे तंतुवाद्ये व सुषिरवाद्ये परस्परांत वाटून घेतात ती दुसरी धून येते. मेजरच्या प्रकाशात तिची अर्धस्वरांनी होणारी उतरण सौम्य भासते. विस्तारविभाग एफ शार्प मायनर या दूरच्या स्वरकेंद्रापासून आरंभ करून केवळ पहिल्याच धुनेचे विघटन करीत राहतो. दुसरी धून तेथे अनुपस्थित असते. पुनःप्रस्तुतीत ती परतते ती जी मायनरमध्ये. धून ओळखू येते, पण तिचा आश्रय नाहीसा झालेला असतो. प्रस्तुतीच्या पुनरावृत्तीचे रचनाकाराने दिलेले चिन्ह गाळल्यास हा अनुभव क्षीण होतो, कारण जे हरवणार ते आधी स्मृतीत रुजावे लागते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे या रूपबंधाला सहज लागू पडतील असे वाटते. दोन स्वरकेंद्रांचा विरोध अखेरीस एका केंद्रात विलीन होतो, हे खरेच. परंतु येथील समतोलाला किंमत मोजावी लागते : रचनेची एकात्मता मेजरच्या त्यागातून सिद्ध होते. रूपाची पूर्णता आणि आशयातील हानी एकाच क्षणी, एकाच स्वरावलीत घडतात. संवेदनांच्या परस्परसंबंधांचे केवळ आकारिक वर्णन या घटनेपाशी अपुरे ठरते, कारण समतोलाचा अर्थ श्रोत्याच्या स्मृतीवाचून निश्चित होत नाही.

साहित्यसमीक्षेत पुनरुक्तीला एक तर दोष मानले जाते किंवा अलंकार. बदललेल्या संदर्भात तीच ओळ, तेच वाक्य वेगळा अर्थ कसा धारण करते, याची मीमांसा करताना पुनःप्रस्तुतीची ही संकल्पना समीक्षकाला मार्गदर्शक ठरू शकेल.